पंप, पान्हा आणि पॉलिसी

या पानावर आपण एरवी कोलेस्टेरॉल, मधुमेह, फोर-ओ-वन-के आणि मुलांच्या कॉलेजसाठी बचत अशा गोष्टी वाचतो. आजचा विषय जरा अवघड आहे, कारण तो चारचौघांत बोलला जात नाही. नोकरी करणाऱ्या आया पंपाने दूध काढतात, तेव्हा स्तनाग्रे दुखतात, चिरतात आणि कधी कधी त्यांतून रक्त येते. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. पण या दुखण्यातून गेले आहे आणि त्यानंतर बरेच शिकले आहे. पुरुष वाचकांनी कृपया पान उलटू नये. या कामात त्यांच्याही वाट्याला बरेच काही आहे.

आमची मुलगी २०२३ च्या ऑगस्टमध्ये जन्मली. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाची मालीश, सगळे साग्रसंगीत झाले. अंगावरचे दूध भरपूर होते, बाळ नीट पीत होते. बारा आठवड्यांनी मी कामावर रुजू झाले आणि पंपाची गरज पडली. मंडळातल्या एका ताईंनी आपला वापरलेला पंप मोठ्या प्रेमाने दिला होता. "उगीच दोन-तीनशे डॉलर कशाला घालवतेस?" असे त्या म्हणाल्या आणि आपल्या मध्यमवर्गीय मनाला ते तात्काळ पटले.

ऑफिसात पंपाची खोली वरच्या मजल्यावर होती. मीटिंगा एकीला एक लागून. मध्ये मिळायची दहा-बारा मिनिटे. तेवढ्या वेळात दूध पुरेसे निघेना, म्हणून मी पंपाची ओढ वाढवत गेले. बटणावर एक ते नऊ आकडे होते. मी थेट नऊवर नेले. जितकी ओढ जास्त तितके दूध जास्त, असा माझा सरळ हिशेब. तिसऱ्या दिवशी आग होऊ लागली. पाचव्या दिवशी अंगाला टॉवेल लागला तरी डोळ्यांत पाणी यायचे. आठव्या दिवशी बाटलीतले दूध गुलाबी झाले.

चार औंस दूध होते ते. मी घाबरून सिंकमध्ये ओतून दिले, तोंड धुतले आणि पुढच्या मीटिंगला जाऊन बसले. घरी कोणाला काही सांगितले नाही.

रात्री बाळाला घेताना मी ओठ चावून बसले होते, ते आईने पाहिले. "काय होतंय गं तुला?" तिने विचारले. मी सगळे सांगितले. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "तुझ्या वेळी मलाही भेगा पडल्या होत्या. रक्त यायचं. दातांत पदर धरून पाजायचे तुला. कोणाला बोलले नाही. बोलायचं तरी कोणाला?"

इतक्या वर्षांत आईने हे मला कधी सांगितले नव्हते. आणि मीही तिचाच कित्ता गिरवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इन्शुरन्स कार्डाच्या मागचा नंबर फिरवला.

दुखते कशामुळे?

अमेरिकेत स्तनपानाबद्दल सल्ला देणाऱ्या प्रशिक्षित तज्ज्ञ असतात, त्यांना लॅक्टेशन कन्सल्टंट म्हणतात. नावापुढे आय.बी.सी.एल.सी. ही अक्षरे असली, तर त्या परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेल्या आहेत असे समजावे. आमच्या बाईंनी मला घरचाच पंप लावून दाखवायला सांगितले आणि पाच मिनिटांत चार चुका काढल्या. बहुतेकींचे दुखणे या चारांतल्याच एखाद्या चुकीपाशी येऊन थांबते, म्हणून त्या सविस्तर सांगते.

पहिली चूक मापाची. छातीला लावायचा जो फनेलसारखा भाग असतो, त्याला फ्लॅन्ज म्हणतात. पंपाच्या खोक्यात बहुतेक वेळा २४ मिलिमीटरचा किंवा त्याहून मोठा फनेल येतो. पुष्कळ बायकांना तो मोठा होतो. फनेल मोठा असला की स्तनाग्राभोवतालचा काळसर भागही नळीत ओढला जातो, सुजतो आणि घासला जातो. लहान असला तर स्तनाग्र नळीच्या कडांवर घासते. माप घ्यायचे ते स्तनाग्राच्या बुडाशी, आडवे, मिलिमीटरमध्ये. काळसर भाग त्यात धरायचा नाही. पंप लावण्यापूर्वी मोजावे, कारण पंपानंतर सूज असते. जे माप येईल तेवढा किंवा त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठा फनेल घेऊन सुरुवात करावी. माझे माप एका बाजूला १६ आणि दुसऱ्या बाजूला १८ आले. दोन्ही बाजू सारख्या असतातच असे नाही. नवा पंप घ्यावा लागत नाही. असलेल्या फनेलात बसवायच्या सिलिकॉनच्या रिंगा थोडक्या पैशांत मिळतात.

दुसरी चूक ओढीची. दूध ओढीच्या जोरावर निघत नाही, ते पान्हा फुटल्यावर निघते. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकामुळे, आणि वेदना व ताण हे त्या संप्रेरकाचे वैरी. म्हणजे दुखेपर्यंत ओढ वाढवली की दूध उलट कमी होऊ शकते. सुरुवातीला हलकी आणि जलद गती ठेवावी. दूध वाहू लागले की गती कमी करून ओढ हळूहळू वाढवावी. जिथे पहिल्यांदा टोचल्यासारखे वाटेल तिथून एक पायरी खाली यावे. तीच आपली योग्य ओढ. मैत्रिणीचा आकडा आपल्याला लागू पडत नाही.

तिसरी चूक झिजलेल्या भागांची. पंपात रबरासारख्या मऊ झडपा आणि पडदे असतात. रोजच्या वापराने ते सैल पडतात, ओढ घटते, आणि आपल्याला वाटते की दूधच आटले. मग आपण बटण पुढे सरकवतो. कंपनीच्या माहितीपत्रकात सांगितलेल्या मुदतीत हे भाग बदलावेत. मला मिळालेल्या पंपातल्या झडपा पहिल्या बाळंतपणापासूनच्या होत्या! शिवाय एका व्यक्तीसाठी बनवलेला पंप दुसरीने वापरू नये, असे येथील अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफ.डी.ए., सांगते. दुधाचे कण आत अशा ठिकाणी जाऊ शकतात जिथे आपला हात पोचत नाही. हॉस्पिटलमधून भाड्याने मिळणारे पंप वेगळ्या बनावटीचे असतात. ते अनेकींसाठीच असतात आणि त्याला लावायचे सुटे भाग प्रत्येकीचे स्वतंत्र असतात. ताईंचे प्रेम खरे, पण डोहाळजेवणात पंपाची देवघेव करू नये.

चौथी चूक वेळेची. वेळ कमी पडला की आपण ओढ वाढवतो, आणि सुट्टीच्या दिवशी भरपाई म्हणून चाळीस-चाळीस मिनिटे पंप लावून बसतो. दोन्हींनी कातडी सोलली जाते. साधारण पंधरा ते वीस मिनिटे पुरतात. दूध यायचे थांबल्यावर कोरडा पंप चालू ठेवू नये.

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम बिघडला की एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतात. मी तेच केले. आधी माप बदलले, दोन दिवसांनी झडपा, मग ओढ नऊवरून चारवर आणली. वहीत दुधाचे औंस लिहीत गेले. दूध कमी झाले नाही. आठवड्याच्या शेवटी तर अर्धा औंस वाढलेच.

आज रक्त आले तर?

घाबरून दूध काढणे एकदम बंद करू नये. छाती दाटून दगडासारखी होते आणि दुखण्यात दुसऱ्या दुखण्याची भर पडते. ओढ सर्वांत खाली आणावी आणि वेळ कमी करावा. फारच दुखत असेल तर त्या बाजूला एक-दोन दिवस पंप न लावता हाताने दूध काढावे. अंगठा आणि बोटे काळसर भागाच्या जरा मागे ठेवायची, छातीकडे दाबायची, मग एकमेकांकडे आणायची आणि सोडायची. कातडीवर बोटे घासायची नाहीत.

नंतर स्तनाग्र साध्या कोमट पाण्याने धुवावे. साबण वारंवार लावू नये, कातडी आणखी कोरडी पडते. वाऱ्यावर सुकू द्यावे आणि शुद्ध लॅनोलिनचा पातळ थर लावावा. बाळाला घेण्यापूर्वी तो पुसावा लागत नाही. ब्रामधले पॅड ओले झाले की बदलावेत. कापड चिकटले असेल तर ओढून काढू नये, पाण्याने भिजवून सोडवावे. पंप लावण्यापूर्वी फनेलच्या आतल्या कडेला खोबरेल तेलाचे किंवा साजूक तुपाचे पुसट बोट फिरवले तर घर्षण कमी होते. आईच्या तुपाचा इथे उपयोग झाला.

मध मात्र मुळीच लावू नये. एक वर्षाच्या आतील बाळाच्या पोटात मध गेला तर बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. घरगुती चूर्णे आणि लेपही उघड्या जखमेवर नकोत. आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅसिटामिनोफेन स्तनपानात सहसा चालते. तरी तुमच्या इतर औषधांचा आणि आजारांचा विचार करून डॉक्टरांना विचारून घ्यावे. दुखणे फक्त पंपाच्या वेळी नसून बाळ पितानाही असेल, तर बाळाने तोंडात नीट धरले आहे का, हेही त्याच कन्सल्टंटकडून तपासून घ्यावे.

ते गुलाबी दूध बाळाला द्यावे का?

हा प्रश्न मी कोणाला वेळेवर विचारला असता, तर चार औंस दूध वाया गेले नसते. भेगांतून आलेले थोडे रक्त दुधात मिसळले तर निरोगी आईच्या बाळाला सहसा त्याचा अपाय होत नाही. बाळाच्या ओकारीत कधी एखादी लालसर रेघ दिसते किंवा शी काळपट होते. तसे झाल्यास बाळाच्या डॉक्टरांना कळवावे, म्हणजे दुसरे कारण नाही याची खात्री होते.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, काहीही दुखत नसताना, दूध गंजलेल्या नळाच्या पाण्यासारखे तांबूस दिसू शकते. हेही बहुधा आठवड्याभरात आपोआप थांबते.

अपवाद मात्र लक्षात ठेवा. आईला हिपॅटायटिस सी असेल आणि भेगांतून रक्त येत असेल, तर भेगा भरेपर्यंत ते दूध काढून टाकून द्यावे, असा येथील सी.डी.सी.चा सल्ला आहे. हिपॅटायटिस बी किंवा एच.आय.व्ही. असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावे. आणि काढताना पांढरे असलेले दूध नंतर भडक गुलाबी झाले, किंवा पंपाच्या भागांवर गुलाबी डाग धरले, तर ते रक्त नसून जंतू असू शकतात. ते दूध द्यायचे नाही आणि डॉक्टरांना फोन करायचा.

चांगल्या दुधाचे गणित सोपे आहे. ताजे काढलेले दूध खोलीत, म्हणजे ७७ अंश फॅरनहाइटपर्यंत, चार तास टिकते. फ्रिजमध्ये चार दिवस. फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम आणि बारा महिन्यांपर्यंत चालते. एकदा विरघळलेले दूध पुन्हा गोठवू नये.

डॉक्टरांना कधी गाठावे?

१०१ अंशांपर्यंत किंवा वर ताप, अंगात कणकण, छातीवर लाल, गरम आणि दुखणारा पट्टा, भेगेतून पू, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी. स्तनाग्र चकचकीत लाल होऊन सतत आग किंवा खाज सुटत असेल, तर जंतुसंसर्ग किंवा कातडीचा विकार आहे का ते तपासावे. पंपानंतर स्तनाग्र पांढरेफटक पडून कळ येत असेल, तर रक्तवाहिन्या आखडत असाव्यात. आपल्याकडच्या बायकांना मिशिगन-मिनेसोटाच्या थंडीत हे विशेष जाणवते. लगेच उबदार कापडाने झाकल्याने बरे वाटते. भेग नसताना एकाच बाजूने रक्त येत राहिले, आठवड्यानंतरही थांबले नाही किंवा हाताला गाठ लागली, तर "दुधाची गाठ असेल" म्हणून थांबू नका. दाखवून घ्या.

आज्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. छातीत गाठ झाली की कडकडीत शेक द्यायचा, जोरात चोळायचे आणि दूध पूर्ण रिकामे करायचे, असे आपण ऐकत आलो. २०२२ साली स्तनपानाच्या डॉक्टरांच्या संघटनेने, अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने, हा सल्ला बदलला. सुजेवर थंड पट्टी ठेवावी, हात हलका असावा आणि नेहमीइतकेच दूध काढावे, जास्त नाही. जोराच्या चोळण्याने आणि अति पंपाने सूज वाढते.

आता पैशाचा हिशेब

माझी खरी फजिती इथे आहे. जे दोन-तीनशे डॉलर मी वाचवले असे समजत होते, ते मला मुळी द्यायचेच नव्हते. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानुसार बहुतेक इन्शुरन्स योजनांना पंप आणि स्तनपानाचा सल्ला हे दोन्ही को-पेशिवाय द्यावे लागतात. अपवाद मुख्यतः २०१० पूर्वीपासून न बदललेल्या जुन्या योजनांचा आणि अल्पमुदतीच्या योजनांचा. पंप विजेचा की हाताचा, नवा की भाड्याचा, बाळंतपणापूर्वी मिळणार की नंतर, हे योजना ठरवते. म्हणून सातव्या महिन्यातच फोन करून विचारा: कोणता पंप मिळतो, कोणत्या दुकानदाराकडून घ्यायचा, डॉक्टरांची चिठ्ठी लागते का, आणि सुटे भाग पुन्हा कधी मिळतात. सल्लागार बाई त्यांच्या नेटवर्कमध्ये कोणी नसेल, तर बाहेरच्या बाईंचा खर्च योजनेने को-पेशिवाय द्यावा, असे केंद्र सरकारने २०१५ साली स्पष्ट केले आहे. फोनवर बोललेल्या माणसाचे नाव, तारीख आणि कॉलचा नंबर लिहून ठेवायला विसरू नका.

इन्शुरन्समध्ये न बसलेला खर्च राहिलाच, तर एफ.एस.ए. किंवा एच.एस.ए. मधून करता येतो. पंप आणि दूध काढण्याचे साहित्य हा वैद्यकीय खर्च आहे, असे आय.आर.एस.ने २०११ मध्ये मान्य केले. साठवणीच्या जादा बाटल्या त्यात येत नाहीत. एफ.एस.ए.चे पैसे मुदतीत न वापरल्यास बुडतात, तेव्हा वर्षअखेर फनेल आणि झडपा घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

वेळ हा तुमचा हक्क

सगळ्या दुखण्याचे मूळ माझ्या बाबतीत ती दहा मिनिटे होती. २०१० पासून तासावर काम करणाऱ्या आयांना पंपासाठी वेळ मिळण्याचा केंद्रीय कायदा होता, पण आमच्यासारख्या पगारी इंजिनियर त्यात बसत नव्हत्या. २९ डिसेंबर २०२२ रोजी पंप अ‍ॅक्ट झाला आणि बहुतेक पगारी नोकरदारही त्यात आल्या. बाळ एक वर्षाचे होईपर्यंत गरज पडेल तेव्हा वेळ द्यायचा, आणि बाथरूम सोडून आडोशाची, कोणी आत येणार नाही अशी जागा द्यायची. घरून काम करताना कंपनीचा कॅमेरा बंद ठेवण्याचा हक्कही त्यात येतो. तासावर काम असेल आणि पंपाच्या वेळात काम करावे लागले नाही, तर त्या वेळेचे पैसे मिळतीलच असे नाही. पगारी असाल तर त्यासाठी पगार कापता येत नाही. पन्नासपेक्षा कमी माणसांच्या कंपनीला, फार मोठी अडचण दाखवता आली तर, सूट आहे. विमानातल्या कर्मचाऱ्यांना हा कायदा लागू नाही. तक्रार ऐकते ते कामगार खात्याचे वेज अँड अवर डिव्हिजन. तुम्ही एच-वनवर असा की ग्रीन कार्डावर, त्याने या हक्कात फरक पडत नाही.

मला तक्रारीची वेळ आली नाही. मॅनेजरला तीन ओळींची ईमेल पाठवली आणि कॅलेंडरवर दिवसातून तीनदा अर्धा-अर्धा तास अडवून ठेवला. "अगदी जरूर," एवढेच त्यांचे उत्तर आले. मी महिनाभर ज्या भीतीने गप्प होते, ती माझ्याच डोक्यात होती.

घरच्यांसाठी

नवरे मंडळींनो, पंपाचे भाग रोज वेगळ्या भांड्यात साबणाच्या गरम पाण्याने धुऊन वाळवणे, झडपा मागवणे आणि इन्शुरन्सच्या फोनवर पाऊण तास संगीत ऐकत बसणे, ही कामे तुमची. आमच्याकडे ती झाली आणि मला रात्रीची एक तास झोप जास्त मिळाली. आणि एखादीला हे सगळे करूनही जमले नाही, फॉर्म्युला द्यावा लागला, तर तिला कोणी बोल लावू नये. बाळाचे पोट भरणे आणि आईने धड राहणे दोन्ही महत्त्वाचे.

माझ्या भेगा दहा-बारा दिवसांत भरून आल्या. मुलगी चौदा महिन्यांची होईपर्यंत माझे दूध प्यायली. आई भारतात परतायच्या आदल्या रात्री बॅग भरताना म्हणाली, "तू विचारलंस ते बरं केलंस गं. मला विचारायचं सुचलंच नाही कधी."

म्हणून ही एवढी विनंती. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात कोणी नवी आई कोपऱ्यात बाळाला घेऊन बसलेली दिसली, तर "दूध पुरतंय ना?" एवढ्यावर थांबू नका. "दुखत तर नाही ना गं?" हेही विचारा.